घरच्या टेबलावरील वाफेचें इंजिन

वर्धा जिल्ह्याचा कापूस एकेकाळीं वाफेच्या जोरावर दूरच्या बाजारांत गेला. इ. स. १८६७ मध्यें मुंबईकडून येणारा लोहमार्ग वर्ध्यावरून नागपुरास पोंचला. पुढें वर्ध्याहून हिंगणघाटमार्गें वरोऱ्याच्या कोळशाच्या खाणीपर्यंत त्याचा फांटा गेला. १८७७ च्या जानेवारींत नागपुरास एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि त्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांत हिंगणघाट व पुलगांव येथेंहि कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. सरकी काढण्याचे व गांठी दाबण्याचे कारखाने निघाले. १९१७ सालीं पुलगांव ते आर्वी अशी सुमारें पस्तीस किलोमीटरांची अरुंद मापाची रेल्वे झाली. या साऱ्या उद्योगाच्या मुळाशीं एकच शक्ति होती, ती म्हणजे बंद पात्रांत उकळणाऱ्या पाण्याची वाफ.

आतां तो काळ गेला. गिरण्या विजेवर आल्या, आर्वीची लहान गाडी बंद झाली, आणि भारतीय रेल्वेच्या रुंद मार्गावर वाफेच्या इंजिनांनीं नित्याच्या गाड्या ओढण्याचें काम १९९५ सालीं संपलें. यंत्र गेलें याबद्दल शोक करण्याचें कारण नाहीं. त्याहून सोयीचें यंत्र त्याच्या जागीं आलें. परंतु त्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली, तिची नोंद घेतली पाहिजे. वाफेच्या इंजिनाचें सारें काम उघड्यावर चाले. दांडा पुढें जातांना दिसे, चाक फिरतांना दिसे, वाफ सुटल्याचा आवाज ऐकूं येई. उष्णतेपासून गति निर्माण होते हें वाक्य मुलाला पाठ करावें लागत नसे. स्टेशनवर उभें राहून तें पाहतां येई. आजच्या घरांत यंत्रें पूर्वीपेक्षां कितीतरी अधिक आहेत, पण त्यांतील बहुतेकांचें काम झांकणाआड चालतें, आणि झांकण उघडलें तरी डोळ्यांस कांहींच उमगत नाहीं.

हातानें व डोळ्यानें यंत्र समजून घेण्याचें हें साधन घरीं परत आणण्याचा एक मार्ग अजून मोकळा आहे. तो म्हणजे ओतींव भागांच्या संचापासून लहानसें वाफेचें इंजिन स्वतः तयार करणें. हा छंद विलायतेंत सव्वाशें वर्षांपासून रूढ आहे. लंडनच्या पश्चिमेस थेम्स नदीच्या कांठीं हेन्ली नांवाचें गांव आहे. त्या भागांतील स्टुअर्ट टर्नर नांवाच्या अभियंत्यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक लहान इंजिन आंखलें आणि त्याचे ओतींव भाग हौशी लोकांस विकण्यास आरंभ केला. १८९८ सालींच ‘मॉडेल इंजिनिअर’ हें नियतकालिक निघालें आणि घरच्या कारखान्यांत काम करणारांस एकमेकांचे अनुभव वाचावयास मिळूं लागले. टर्नरची कंपनी १९०६ सालीं स्थापन झाली. तिनें रूढ केलेले संच आजहि मिळतात व जगभर बनविले जातात.

अशा संचाची पेटी उघडणाऱ्याची प्रथम बहुधा निराशाच होते. आंत चकाकणारें कांहींच नसतें. करड्या लोखंडाचे खडबडीत ओबडधोबड तुकडे, पितळेचे कांहीं ठोकळे, पोलादाच्या सळ्या, मूठभर खिळे-नट आणि एक आराखडा, एवढाच ऐवज. त्यांतच एक बैठक, एक उभा खांब, एक सिलिंडर, त्याचीं दोन झांकणें, एक जड चाक आणि इतर लहान भाग असतात. नवशिक्यांत प्रिय असलेल्या एका इंजिनांत सिलिंडराच्या पोकळीचा व्यास पाऊण इंच, म्हणजे एकोणीस मिलिमीटर, आणि दट्ट्याची धांवहि तेवढीच असते. सारें यंत्र तळहातावर मावतें. विकत मिळते ती केवळ इंजिनाची शक्यता. इंजिन मिळत नाहीं. तें त्या लोखंडांतून बाहेर काढावयाचें असतें.

आपल्याकडे हें काम कोणी केलें नाहीं असें मात्र नाहीं. मुंबईच्या प्रसिद्ध वाडिया जहाजबांधणी घराण्यांतील अर्देशर कर्सेटजी यांनीं ऐन तारुण्यांत एक अश्वशक्तीचें वाफेचें इंजिन स्वतः बनविलें. त्यानंतर १८३३ सालीं विलायतेंतून आणलेलें दहा अश्वशक्तीचें इंजिन ‘इंडस’ नांवाच्या लहान जहाजावर चढवून त्यांनीं तें चालवून दाखविलें. १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस आपलें सभासद करून घेतलें; तो मान मिळालेले ते पहिले भारतीय होत. मुंबईस रेल्वे येण्यापूर्वीं वीस वर्षें ही गोष्ट घडली, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. लहान इंजिन आधीं हातानें केलें, म्हणून मोठें इंजिन चालविण्याची छाती झाली.

दुसरें उदाहरण आपल्या काळांतील आणि वर्ध्याच्या शेजारचें आहे. नागपूरचे इक्बाल अहमद यांनीं चालूं शकणारें जें सूक्ष्म वाफेचें इंजिन बनविलें त्याची नोंद गिनेसच्या विक्रमांच्या ग्रंथांत झाली. त्याची उंची अवघी ६.८ मिलिमीटर व वजन १.७२ ग्रॅम. तांदळाच्या दाण्याशेजारीं ठेवण्याजोगें हें यंत्र खरोखर फिरतें. इतका लहान प्रयत्न कोणीं करावा असें नव्हे. परंतु ज्या हातांना असें काम साधतें ते हात विदर्भांत घडूं शकतात, एवढें त्यावरून निश्चित होतें.

आतां ओतींव तुकड्याकडे वळूं. तो कसा जन्मला हें कळल्याशिवाय त्यावर हत्यार चालवितां येत नाहीं. ओतशाळेंत प्रथम भागाचा लांकडी नमुना करतात. तो ओल्या वाळूंत दाबून काढून घेतला म्हणजे त्याच्या आकाराची पोकळी राहते. तींत वितळलेलें लोखंड ओततात. थंड होतांना लोखंड शेंकडा सुमारें एक भाग आकसतें, म्हणून नमुना मूळ मापाहून तेवढा मोठा करावा लागतो. ज्या पृष्ठांवर पुढें हत्यार फिरावयाचें तेथें आणखी मिलिमीटर-दोन मिलिमीटर धातु जास्त ठेवतात. या जास्तीच्या धातूंतच करणाऱ्याचें सारें स्वातंत्र्य असतें, आणि सारा धोकाहि असतो. काढलेला धातु परत लावतां येत नाहीं.

वाळूस चिकटलेलें लोखंड बाहेरून लवकर निवतें, त्यामुळें त्यावर एक कठीण कवच येतें. त्यांत वाळूचे कणहि रुतून बसतात. नवशिका भीतभीत अगदीं उथळ काप घेतो. त्याला वाटतें, थोडें थोडें काढलें म्हणजे चूक होणार नाहीं. परंतु अशा वेळीं हत्याराचें टोंक त्या कवचावरच घांसत राहतें आणि पांच मिनिटांत बोथट होतें. पहिला काप कवचाखालच्या मऊ धातूंत शिरेल इतका खोल घ्यावा लागतो. भीति आणि काळजी या दोन गोष्टी एक नव्हेत, हा पहिला धडा लोखंड शिकवितें.

दुसरा धडा क्रमाचा आहे. प्रथम बैठकीचा तळ कानशीनें अथवा यंत्रानें सपाट करतात. तो सपाट झाला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं जाड कांचेच्या तुकड्यावर निळा रंग पातळ पसरून बैठक त्यावर ठेवावी आणि हलकेंच सरकवावी. उंचवटे निळे होतात, तेवढेच खरवडावे. हें पुनःपुन्हां करीत गेलें म्हणजे निळे ठिपके वाढत वाढत साऱ्या तळावर पसरतात. पुढील प्रत्येक माप या तळापासून घ्यावयाचें असतें. येथें राहिलेली वांक वरच्या प्रत्येक भागांत शिरेल आणि अखेरीस इंजिन अडून बसेल. मग दोष वरच्या भागांत शोधीत बसण्यांत महिने जातील.

त्यानंतर सिलिंडर. लेथवर बसवून त्याची पोकळी कापतात, आणि तो न काढतां त्याच बैठकींत एक टोंकहि कापून घेतात. असें केल्यानें पोकळीचा मध्य आणि टोंकाचें पृष्ठ हीं एकमेकांशीं काटकोनांत राहतात. तुकडा मध्येंच काढून पुन्हां बसविला तर केंसाइतका फरक पडतोच, आणि केंस हा येथें मोठा फरक आहे. माणसाचा केंस मिलिमीटरच्या विसाव्या ते दहाव्या भागाइतका जाड असतो; दट्ट्या आणि सिलिंडर यांमधील वाव त्याहून कमी ठेवावा लागतो. दट्ट्याभोंवतीं वाफ निसटूं नये म्हणून खांचेंत ग्राफाइट लावलेला दोरा गुंडाळतात. पूर्वीं त्यासाठीं अ‍ॅस्बेस्टॉसचा दोरा वापरीत. त्याची धूळ फुप्फुसांस घातक असल्यामुळें तो आतां कोणीं वापरूं नये. जुन्या आराखड्यांत त्याचें नांव आढळतें, म्हणून ही सूचना.

सर्व भाग जुळले म्हणजे परीक्षा साधी असते. जड चाक एका बोटानें फिरवावयाचें. तें सर्वत्र सारख्या सैलपणें फिरलें तर काम साधलें. तें एका फेऱ्यांत एकाच जागीं अडत असेल तर मुख्य आंस वांकडा आहे किंवा त्यावरील भुजा तिरपी बसली आहे. सिलिंडराचे स्क्रू सैल असतांना चाक फिरतें आणि आंवळल्याबरोबर अडतें, असें असेल तर सिलिंडराचा मध्य आंसाशीं काटकोनांत नाहीं. अडण्याची जागा हीच दोषाची खूण. कित्येक जण अशा वेळीं भोंकें मोठीं करून यंत्र सैल करतात. यंत्र फिरूं लागतें खरें, पण तें खडखडतें, आणि दोष होता तेथेंच राहतो.

इंजिनाचें रहस्य ज्या भागांत आहे तो भाग म्हणजे सरकती झडप. सिलिंडराच्या बाजूस एक लहान पेटी असते. तींत बॉयलरची वाफ येते. पेटीच्या तळाशीं तीन अरुंद वाटा असतात. दोन कडेच्या वाटा सिलिंडराच्या दोन टोंकांकडे जातात आणि मधली वाट बाहेर हवेंत उघडते. या वाटांवर उपडी वाटी ठेवावी तशी झडप ठेवलेली असते. झडप एका बाजूस सरकली कीं कडेची एक वाट उघडी पडते आणि तींतून ताजी वाफ दट्ट्याच्या एका बाजूस शिरते. त्याच क्षणीं दुसरी कडेची वाट वाटीच्या पोटाखालीं येऊन मधल्या वाटेशीं जोडली जाते आणि दुसऱ्या बाजूची काम संपलेली वाफ बाहेर पडते. झडप उलट सरकली कीं सारें उलट होतें. ही झडप मुख्य आंसावरील एका चकतीनें हलते. चकतीचा मध्य आंसाच्या मध्यापासून थोडा बाजूस असतो, म्हणून ती फिरतांना दांड्यास मागें-पुढें ढकलते. म्हणजे इंजिनच आपली झडप चालवितें आणि झडप इंजिनास चालविते.

ही चकती आंसावर कोणत्या कोनांत बसवावी हा खरा प्रश्न. दट्ट्या टोंकास पोंचतो तेव्हां वाट उघडण्याच्या बेतांत असली पाहिजे, म्हणून चकती भुजेच्या काटकोनाहून थोडी अधिक पुढें ठेवतात. ती मागें राहिली तर वाफ उशिरा येते आणि यंत्र सुस्त चालतें. फार पुढें गेली तर दट्ट्या टोंकास जाण्यापूर्वींच वाफ समोरून धक्का देते. पेटीचें झांकण काढून चाक हातानें फिरवीत जावें आणि दोन्ही टोंकांस वाट सारखीच उघडते कीं नाहीं तें पाहावें. ज्यानें हें एकदां स्वतः पाहिलें त्याला झडपेचा पाठ्यपुस्तकांतील आराखडा पुन्हां कधीं परका वाटत नाहीं.

येथें एक शंका पुष्कळांच्या मनांत येते. मोठ्या गिरणीच्या इंजिनाचें प्रत्येक माप दहाव्या हिश्श्यानें लहान केलें तर हुबेहूब तसेंच लहान इंजिन चालेल काय? चालणार नाहीं. लांबी दहाव्या हिश्शावर आली तर दट्ट्याचें क्षेत्रफळ शंभराव्या हिश्शावर येतें, आणि सिलिंडरांत मावणारी वाफ हजाराव्या हिश्शावर. वाफ हजारपट कमी झाली, पण तिला थंड करणारी भिंत शंभरपटच कमी झाली. म्हणजे वाफेच्या प्रत्येक कणामागें थंड करणारी भिंत दहापट वाढली. म्हणूनच लहान इंजिन सुरू करतांना आंत पाणी सांचतें, तें थुंकतें, गुरगुरतें, आणि सिलिंडर तापल्यावरच सुरळीत चालूं लागतें. त्याचे स्क्रू, वाटा व भिंती प्रमाणाहून जाड ठेवाव्या लागतात. माणूस मापें लहान करूं शकतो, निसर्गाचे नियम लहान करूं शकत नाहीं.

त्याची शक्ति किती? वर सांगितलेल्या पाऊण इंची इंजिनांत दट्ट्यावर दर चौरस इंचास सरासरी वीस पौंड दाब राहिला आणि मिनिटास हजार फेरे झाले, तर हिशेबानें सुमारें एक-तीसांश अश्वशक्ति, म्हणजे पंचवीस वॅट, मिळेल. त्यावर एक लहान दिवा लागेल. ज्वालेंतील उष्णतेचा फारच थोडा अंश कामीं येईल, बाकीची हवेंत जाईल. उपयोगाच्या दृष्टीनें हा व्यवहार आंतबट्ट्याचा आहे, हें आरंभींच मान्य करावें.

आतां या विषयांतील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे आलें पाहिजे. कित्येक महिन्यांच्या संध्याकाळीं खर्चून इंजिन उभें राहिलेलें असतें. घरांतील मुलें टेबलाभोंवतीं जमलेलीं असतात. बाप अभिमानानें उभा असतो. सर्वांना त्याच क्षणीं वाफ हवी असते. तयार बॉयलर नसतो, तेव्हां घरांतील एखादा बंद डबा किंवा पितळी नळी घेऊन, झाळून, ती शेगडीवर ठेवण्याचा मोह होतो. हा मोह प्राणघातक आहे.

असें कां, तें समजून घेण्यासारखें आहे. उघड्या भांड्यांतील पाणी शंभर अंशांवर उकळतें. बंद बॉयलरांत दर चौरस इंचास चाळीस पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास सुमारें पावणेतीन किलो, दाब असतां तेंच पाणी १४१-१४२ अंशांपर्यंत तापलेलें असतें आणि केवळ दाबामुळें पाण्याच्या रूपांत थांबलेलें असतें. पात्र फुटलें कीं दाब जातो, आणि त्या पाण्याचा सुमारें तेरावा भाग एका क्षणांत वाफ होतो. एक किलो पाण्यापासून अशी सव्वाशें लिटरांहून अधिक वाफ निघते. बारा-पंधरा बादल्या भरतील एवढी उकळती वाफ टेबलावर, मुलांच्या तोंडासमोर, डोळा मिटण्याच्या आंत पसरते. तिच्याबरोबर फाटलेल्या धातूचे तुकडे असतात. दहा सेंटिमीटर व्यासाच्या बॉयलरचें तोंड बंद करणाऱ्या तबकडीवर या दाबानें सव्वादोनशें किलोंच्या आसपास जोर येतो. कापसाच्या सव्वादोन क्विंटलांचें ओझें एका तळहाताएवढ्या तबकडीवर तोललें आहे, अशी कल्पना करावी.

म्हणून अनुभवी लोक इंजिन प्रथम दाबलेल्या हवेवर चालवितात. दुकानांत मिळणाऱ्या लहान हवायंत्राचा दाब कमी ठेवून तें पेटीस जोडलें कीं इंजिन फिरूं लागतें. मुलांचें समाधान होतें, झडपेचा दोष कळतो, आणि कोणास भाजत नाहीं. येथें हवेचें पात्रहि घरीं झाळलेलें नसावें, तयार व तपासलेलें असावें. पुष्कळ जण आपलें इंजिन जन्मभर हवेवरच चालवितात, आणि त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

ज्याला वाफच हवी त्यानें बॉयलर स्वतः करण्याची घाई करूं नये. जाणत्याचा तपासलेला बॉयलर घ्यावा किंवा त्याच्या हाताखालीं शिकावें. असा बॉयलर तांब्याचा असतो आणि त्याचे सांधे चांदीमिश्रित झाळानें जोडलेले असतात. हा झाळ सहाशें अंशांहून अधिक उष्णतेवर वितळतो. रेडिओ दुरुस्तीचा कथलाचा झाळ दोनशें अंशांच्या आसपासच पातळ होतो. पाणी कमी होऊन भांडें कोरडें पडलें कीं तो सांधा सोडून देतो. बॉयलरला पाण्याची पातळी दाखविणारी कांचनळी, दाबमापक आणि ठरलेल्या दाबावर आपोआप उघडणारी सुरक्षा झडप हीं तिन्ही हवींत. सुरक्षा झडप फुसफुसते म्हणून तिची स्प्रिंग आवळणें म्हणजे ओरडणाऱ्या पहारेकऱ्याच्या तोंडांत बोळा कोंबणें होय.

वापरण्यापूर्वीं बॉयलरची परीक्षा थंड पाण्यानें करतात. तो पाण्यानें कांठोकांठ भरून, आंत हवेचा बुडबुडाहि न ठेवतां, हातपंपानें नेहमीच्या दुप्पट दाब देतात आणि सांधा कोठें पाझरतो कीं काय तें पाहतात. थंड पाणीच कां? कारण पाणी दाबलें तरी जवळजवळ आकसत नाहीं, त्यामुळें त्यांत शक्ति सांठत नाहीं. पात्र फाटलें तर चार थेंब पडतात आणि दाब शून्य होतो. हवेनें किंवा वाफेनें तीच परीक्षा केली तर फाटलेलें पात्र सुरुंगासारखें उडेल. आपल्या देशांत बॉयलरांचा कायदा १९२३ पासून आहे आणि २०२५ सालीं त्याच्या जागीं नवा कायदा आला. परंतु पंचवीस लिटरांहून लहान पात्रें त्याच्या कक्षेंत येत नाहींत. घरच्या टेबलावरील बॉयलर लिटर-दीड लिटरचा असतो. त्याच्याकडे सरकारी निरीक्षक येणार नाहीं. याचा अर्थ सूट मिळाली असा नसून, निरीक्षकाचें काम घरच्या माणसाच्या अंगावर आलें असा आहे.

साधनांविषयीं थोडें. लहान लेथ, भोंकें पाडण्याचें यंत्र, चांगल्या कानशी, मापण्याची पट्टी व व्हर्निअर एवढ्यावर काम होतें. लेथ घरीं असलाच पाहिजे असें नाहीं. गांवांतील लेथवाला कारागीर सिलिंडर कापून देऊं शकतो. त्याच्याकडे काम टाकून निघून जाण्याऐवजीं जवळ उभें राहून पाहावें. त्याच्या हाताला जें कळतें तें पुस्तकांत नसतें. एखाद्या शाळेनें किंवा मोहल्ल्यांतील चार घरांनीं मिळून एकच संच घेतला तर खर्च वांटला जातो आणि कामहि.

वर्ध्यासारख्या ठिकाणीं वाफेच्या इंजिनाचें कौतुक करावें काय, असा आक्षेप कोणी घेईल. या गांवानें चरख्याचा संदेश देशाला दिला. मगनवाडींत १९३४ पासून ग्रामोद्योगांचें कार्य चाललें. गिरणींतील इंजिनानेंच हातमागाचा घांस काढला, हें खोटें नाहीं. परंतु गांधीजींनीं १९२४ सालीं एका प्रश्नकर्त्यास स्पष्ट केलें होतें कीं, त्यांचा विरोध यंत्रास नसून यंत्राच्या वेडास आहे. आणि शिवणाच्या यंत्रास तर त्यांनीं अपवाद म्हणून मान दिला. पुढें १९३७ च्या ऑक्टोबरच्या २२ व २३ तारखांस वर्ध्यासच शिक्षण परिषद भरली आणि मुलांचें शिक्षण हातच्या उत्पादक कामाच्या द्वारें व मातृभाषेंतून व्हावें असा विचार तेथें पुढें आला. झाकिर हुसेन यांच्या समितीनें त्याची योजना आंखली. तेथें अभिप्रेत असलेलें काम सूतकताईचें होतें, इंजिनाचें नव्हे. तरी तत्त्व तेंच लागू पडतें. सूत जाडेंबारीक झालें तर तें तुटतें; सिलिंडर वांकडा झाला तर चाक अडतें. दोन्ही ठिकाणीं मुलाला शिक्षकाचा शेरा लागत नाहीं. वस्तूच त्याला सांगते.

गिरणींतलें मोठें इंजिन माणसाच्या हातचें काम काढून घेत होतें. टेबलावरचें हें लहान इंजिन हाताला काम देतें. तें कांहीं कातीत नाहीं, विणीत नाहीं, विकत नाहीं. तें करणाऱ्यास मात्र एक संवय लागते: माप लपवावयाचें नाहीं, दोष सैल करून झांकावयाचा नाहीं, आणि जेथें दुसऱ्याचा जीव गुंतला आहे तेथें परीक्षा झाल्याशिवाय आग पेटवावयाची नाहीं. ही संवय घरांतील एका मुलास लागली तरी संचाची किंमत वसूल झाली असें समजावें. पुढें तो मुलगा पूल बांधील, औषध बनवील किंवा गांवची पाण्याची टांकी तपासील. ज्यांनीं त्याचें इंजिन कधीं पाहिलें नाहीं अशा लोकांसहि त्या संवयीचा उपयोग होईल.